ढलप्यांचा राब

मिरज
२२ मे १९९६

गोटीराम,

एरवी मी तुम्हाला गोटीरामभाऊ म्हणते. आज तो ‘भाऊ’ हातातून कागदावर उतरत नाही, म्हणून गाळला. नमस्कारही गाळला आहे. उगीच खोटं कशाला लिहू?

काल संध्याकाळी नेरूळहून शेजारच्या विलास यांचा इथे फोन आला. “मॅडम, तुमच्या मागच्या बागेत आग लागली होती, पण टेन्शन घेऊ नका, विझली.” मी विचारलं, लागली कशी? तर म्हणे लागली नाही, लावली. गोटीरामने लावली. स्वतः काडी ओढली, कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला, आणि सगळं जळून झाल्यावर शांतपणे घरी गेला.

मला आधी खरंच वाटेना. विडी पडली असेल म्हणावं, तर तुम्ही विडी ओढत नाही. चुकून झालं म्हणावं, तर चुकून कोणी वाऱ्याची दिशा बघून काडी लावत नाही. म्हणजे मुद्दाम लावलीत.

त्या वाफ्यात काय होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं म्हणायची तुम्हाला सोय नाही. दिवाळे गावात होडी बांधणाऱ्या सुताराकडून मी लाकडाच्या ढलप्या पोत्यांत भरून आणते, तेव्हा पहिल्या वर्षापासून तुम्ही माझ्याबरोबर आहात. रिक्षावाला मासळीचा वास येतो म्हणून नाक दाबून बसायचा आणि तुम्ही त्याला म्हणायचात, “लाकडाला कसला वास, तुजाच असल.” सोसायटीत मला ‘ढलपीवाल्या बाई’ म्हणतात, हेही तुम्हीच हसत हसत येऊन सांगितलंत. वाळवी लागेल म्हणून नोटीस आली, ती फाडून मी त्याच ढलप्यांखाली पुरली, तेव्हा तुम्ही समोर होतात.

पहिल्या वर्षी मी ढलप्या मातीत खणून मिसळल्या आणि मिरची, वांगी, सगळं पिवळं पडलं. ती माझी चूक. लाकूड मातीच्या पोटात गेलं की कुजताना झाडाच्या तोंडचा घास तेच खातं. दुसऱ्या वर्षीपासून खणणं बंद केलं. वीतभर जाड थर नुसता वरून पसरायचा आणि मातीला हात लावायचा नाही. मग मुरमात ओल टिकायला लागली. पांढरी बुरशी धरली. तिसऱ्या पावसाळ्यात पहिलं गांडूळ सापडलं, तेव्हा मी तुम्हाला हाक मारून बोलावलं होतं. त्या दिवशी तुम्ही दुसरा चहा मागून घेतलात.

चार वर्षं, गोटीराम! नेरूळच्या त्या मेलेल्या मुरमात चार वर्षं घालवली मी. आणि मी लेकीच्या बाळंतपणासाठी पाठ फिरवली, तर तुम्ही त्याची होळी केलीत. सईला डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायला बंदी केली आहे, नाहीतर मी पहिल्या एस.टी.ने येऊन समोरासमोर विचारलं असतं.

माझं काय चुकलं होतं, ते लिहून कळवा. सोबत पाकीट घातलं आहे, पत्ता लिहिलेलं आणि तिकीट लावलेलं. सबब नको.

अरुणा देवस्थळी


करावे गाव
२९ मे १९९६

बाई,

मी सोनल, गोटीराम घरत यांची सून. सासऱ्यांना लिहिता येत नाही. ते सांगतात ते मी उतरवून घेते आहे. त्यांनी बजावलंय की एक शब्दही गोड करायचा नाही. म्हणून जसं बोलतात तसंच लिहिते.

बाई, तुमचा कागद सोनलनं वाचला. मी दोनदा वाचायला लावला, कारन पयल्यांदा मना वाटला ती चुकीचा वाचते. मी आग लावली नाय. मी राब भाजला. आग वेगळी, राब वेगळा.

तुमी जायच्या आदल्या दिवशी मना काय सांगितलात ते आठवा. “गोटीरामभाऊ, ढलप्यांवर दोन पाट्या शेन टाका. त्याच्यावर सुका पाला पसरा. उडू नये म्हनून वर थोडी माती भुरभुरा. पाऊस यायच्या आधी सगळा तयार पायजे.” हे तुमचेच शब्द, फाटकात उभं राहून सांगितलेले. आता बघा. लाकूड, शेन, पाला, वर माती, आनि पावसाला पंधरा-वीस दिवस. आमच्यात याला राब म्हनतात. माजा बाप असाच रचायचा. रचलेला राब पाऊस पडायच्या आत भाजायचा असतो, नायतर भिजून फुकट. भाजलेल्या जमिनीत भाताचा बी टाकला का रोप जोरात येतो आनि तन येत नाय. हे आमच्यात पोरांना पन म्हाईत असतं.

चार वर्सं तुमी ढलप्या पसरत व्हत्या, तवा मी घरी सांगायचो, बाई चांगली हाय पन हिला राब अर्धाच येतो. रचते, पेटवायचा इसरते. मी बोललो नाय. शिकलेल्या मानसाला कसा बोलायचा? यंदा तुमी शेन सांगितलात, पाला सांगितलात, वर माती सांगितलात. मना वाटला, बाई शिकली.

मी वारा बघून पेटवला ते खरा हाय. राब वारा बघूनच पेटवतात. दोन बादल्या पानी भरून ठेवला व्हता. कमरेवर हात ठेवून उभा व्हतो, कारन नजर ठेवायला लागते. अनंताच्या झाडाची एक फांदी करपली. तेवढी माजी चूक, ती मी मानतंव. विलास साहेब फोन करायला धावले. पानी घेऊन कोन धावला नाय.

आनि भाऊ गाळलात ते बरा केलात. भावाला कोन तिकीट लावून पाकीट पाठवत नाय. तुमचा पाकीट तसाच परत पाठवतंव. आमच्या घरात तिकीट हाय.

गोटीराम घरत


मिरज
५ जून १९९६

गोटीराम,

पाकीट मिळालं. त्यात घातलेला टोमणाही मिळाला.

म्हणजे चार वर्षं मी तुम्हाला अर्धवट वाटत होते! मी ढलप्या का पसरते ते तुम्हाला फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगत होते, तुम्ही मान हलवत होतात, आणि मनात म्हणत होतात की हिला पेटवायचं लक्षात राहत नाही. तेहतीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं. न समजता मान हलवणारी मुलं मला पाठमोरी असतानाही ओळखता यायची. तुम्हाला मात्र ओळखलं नाही, याचाच मला जास्त राग येतो आहे.

राब म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. भाजलेल्या मातीत तण येत नाही हे खरं आहे. पण का येत नाही? तिथे जिवंत असं काही उरत नाही म्हणून! बुरशी गेली, किडे गेले, गांडुळं गेली. राखेचा जोर एक पावसाळा टिकतो. ढलपी चार-चार वर्षं हळूहळू कुजत मातीला खाऊ घालते, ओल धरते, उन्हाचा चटका स्वतः सोसते. तुमच्या वाडवडिलांची पद्धत त्यांच्या शेताला योग्य असेल. माझ्या बारा फूट बाय तीस फुटांच्या वाफ्याला तिची गरज नव्हती.

“पावसाच्या आधी तयार पाहिजे” हे वाक्य माझं, कबूल. पण ‘पेटवा’ हा शब्द मी उच्चारला होता का? शेजारी फोन आहे, पोस्ट आहे, तुमच्या घरात लिहिणारी सून आहे. विचारायला काय झालं होतं? विचारलं नाहीत, कारण मातीतलं आपल्यालाच कळतं हा तुमचा ताठा.

तर तेही एकदा स्पष्ट सांगते. तुम्ही लोकांनी सोडलेल्या जागेवर नुसता मुरूम आणि विटांचे तुकडे होते. तिथे माती मी केली. माझ्या हातांनी केली. पहिल्या दिवशी फाटकाशी येऊन “यो माजा शेत व्हता” म्हणालात, मला वाईट वाटलं, मी तुम्हाला आत घेतलं. पण म्हणून त्या मातीवर तुमचा हक्क होत नाही.

फाटकाची किल्ली विलास यांच्याकडे द्या. मी येईपर्यंत, आणि नंतरही, आत पाऊल टाकू नका.

अरुणा देवस्थळी


करावे गाव
१४ जून १९९६

बाई,

किल्ली दिली. विलास साहेबांनी किल्ली मिळाली अशा कागदावर माजी सही मागितली. मना सही येत नाय, मी अंगठा दिला. शेत गेला त्या टायमालाबी अंगठाच दिला व्हता.

बाकीचा मना सांगायचा नव्हता. पन तुमी ‘सोडलेली’ लिहिलात. सोनल तो शब्द वाचताना थांबली. मी म्हटला, वाच.

आमी सोडली नाय. आमच्याकडून घेतली.

तुमचा घर हाय, तुमच्या मागचा वाफा हाय, समोरचा मोकळा प्लॉट हाय, त्याच्या पलीकडचा रस्ता हाय, हे सगळा एक शेत व्हता. खाडीचा खारा पानी आत येऊ नये म्हनून बांध व्हता. दर वर्सी तो फुटायचा आनि दर वर्सी गाव चिखल वाहायचा. माज्या आईनं डोक्यावर चिखल वाहिला, पोटात मी असताना वाहिला. त्या शेतात लाल भात व्हायचा, खाऱ्या मातीतला, जाडा. तुमच्या शहरातल्या तांदळासारखा नाजूक नाय. त्याची पेज प्यायला की दुपारपर्यंत भूक लागत नव्हती.

मग नवा शहर वसवायला सरकारचे कागद आले, मग मशिनी आल्या. कापनी झाली व्हती, भाताचे बुडखे अजून शेतात उभे व्हते. त्याच्यावर डंपर ओतले. आमी बांधावर उभे राहून बघितला. मी तवा हातपाय हलवले नाय, त्याची लाज मना आजबी वाटते. तीन हात मुरूम टाकला. त्याच्यावर तुमची घरा आली, तुमी आल्या, आनि म्हनाल्या, हितं माती नव्हती.

माती हाय, बाई. खाली हाय. मेली नाय, गाडली हाय.

तुमी वर माती केलीत, ती मी डोळ्यानं बघितली. चांगली केलीत. राग आला म्हनून खोटा बोलनार नाय. पहिला गांडूळ निघाला तवा मी चहा मागून घेतला, कारन घरी जावा असा वाटत नव्हता. तुमी म्हनता मना आत घेतलात. मी तुमच्याकडं कामाला आलो नव्हतो. पगार मागितला कदी? हात मातीत घालायला मिळत व्हता म्हनून येत व्हतो. गावात आता सगळी चाळी बांधतात, हात घालायला ढेकूळ नाय.

वाफ्यात काय हाय ते आल्यावर बघा.

गोटीराम घरत

(पत्र संपलं. मी काही गोड केलेलं नाही. सोनल)


मिरज
१ जुलै १९९६

गोटीराम,

तुमचं पत्र आलं त्याला दोन आठवडे होत आले. मधल्या काळात इथे धावपळ होती. सव्वीस तारखेला सईला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पण उत्तर द्यायला उशीर फक्त त्यामुळे झाला असं नाही. तुमच्या शेताबद्दल वाचून दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही फाडली. ‘सोडलेली’ हा शब्द मी परत घेते. तो मी रागात लिहिला, आणि त्यात राग कमी आणि अज्ञान जास्त होतं.

एवढं लिहून मी थांबणार होते. पण काल विलास यांचा पुन्हा फोन आला. वाफ्यात म्हणे रान माजलंय! दाट हिरवं गवत, पाय ठेवायला जागा नाही, डास व्हायला लागलेत, सोसायटीतून तक्रारी आहेत. आता मला तुमचं शेवटचं वाक्य कळलं. “वाफ्यात काय हाय ते आल्यावर बघा.” ही धमकी होती तर! शेण कुठलंतरी तणाच्या बियांनी भरलेलं आणलंत, ते पसरलंत, आणि मला बघायला ठेवलंत. भाजलं की तण येत नाही म्हणत होतात ना?

मी विलास यांना सांगितलं आहे, येत्या रविवारी सकाळी माणसं लावून ते सगळं मुळापासून उपटून फाटकाबाहेर टाका. एक पातं ठेवू नका. त्यांनी दोन मजूर ठरवलेत. तुम्हाला आधी कळवते आहे, कारण माझ्याकडे विचारून आणि सांगून करायची पद्धत आहे.

अरुणा देवस्थळी


करावे गाव
३ जुलै १९९६

आदरणीय बाई,

हे पत्र माझं आहे. बाबांना माहीत नाही. त्यांना सांगू नका, हात जोडून विनंती.

वाफ्यात भात आहे.

आमचे व्याही उरणकडे राहतात. त्यांच्याकडे अजून थोडं शेत उरलंय, तिथे तेच जुनं लाल भात करतात. बाबा दर वर्षी त्यांच्याकडून ओंजळभर बी आणतात आणि मडक्यात घालून माळ्यावर ठेवतात. पेरायला जागा नाही. वर्ष संपलं की ते कोंबड्यांना घालतात आणि नवं आणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच बघते आहे. माझा नवरा मिथुन एका बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर आहे. तो म्हणतो, म्हाताऱ्याला खूळ लागलंय.

यंदा राब भाजून झाल्यावर सहा जूनला बाबांनी ते बी तुमच्या वाफ्यात पेरलं. तुमचं ‘आत पाऊल टाकू नका’ हे पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. तुम्हाला न विचारता पेरलं, ही चूकच आहे. मी म्हटलं, बाबा, आता तरी बाईंना लिहू या. तर म्हणाले, “तिनं हक्क नाय लिहिलाय. आता भीक मागितल्यासारखा दिसल.” म्हणून फक्त “आल्यावर बघा” एवढंच लिहायला लावलं. मला वाटलं होतं, तुम्ही याल आणि बघाल, म्हणजे राग जाईल.

रोप आता वीतभराच्या वर आलंय. रोज सकाळी बाबा तुमच्या मागच्या भिंतीच्या जाळीतून बघत उभे राहतात. विलास साहेबांनी दोनदा हटकलं. परवा बाबांनी मला बळेच बघायला नेलं. मी भाताचं रोप पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितलं. त्याच्यात एकही तण नाही.

बाबा म्हणतात रोप महिन्याचं झालं की उपटायचं, मुळं धुवायची, मुठी बांधायच्या आणि चिखलात लावायचं. नाहीतर जून होऊन वाया जातं. लावायचं कुठे, असं मी विचारलं. मग म्हणाले, “रोप तर येऊ दे.”

बाई, तुम्ही विलास साहेबांना फोन करून बाबांना एक दिवस आत जाऊ द्या. एवढंच.

आपली,
सोनल


मिरज
७ जुलै १९९६, रविवार दुपार

गोटीरामभाऊ,

वाफ्यात भात होतं, हे मला काल संध्याकाळी कळलं. कुणाकडून ते विचारू नका.

काल सात वाजल्यापासून विलास यांचा फोन लावत होते. पावसाने लाइन बंद. सकाळी सईचा नवरा टेलिफोन ऑफिसात जाऊन बसला. अकरा वाजता फोन लागला. विलास म्हणाले, “डन, मॅडम! एकदम क्लीन. एक पातं ठेवलं नाही.” माझे शब्द मलाच ऐकवले त्यांनी. मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यांचा त्यात काही दोषही नव्हता. बिचाऱ्यांनी मी सांगितलं ते केलं. तुम्हीही मी सांगितलं तेच केलं होतंत. सांगणारी दोन्ही वेळा मीच.

भाताचं रोप आणि गवत यातला फरक न कळणारे लोक आम्ही, आणि तुम्हाला ताठा आहे असं मी लिहिलं!

मला स्वतःची इतकी चीड आली आहे की बाळाला मांडीवर घेऊन बसले तरी सई म्हणते, आई, चेहरा सरळ कर, ती घाबरेल. पण तुमच्यावरचा राग गेला आहे असं समजू नका. तो आहेच. ‘भात पेरलं आहे’, हे तीन शब्द लिहायला तुमचं काय जात होतं? एवढं मोठं पत्र लिहिलंत, आईचा चिखल लिहिलात, बांध लिहिलात, आणि ज्याच्यासाठी जीव टांगला होता तेच लिहिलं नाहीत. मी काय मनकवडी आहे? तुम्ही न सांगता पेरलंत, मी न बघता उपटलं. दोघांच्या हट्टापायी रोप गेलं.

विलास यांना सांगितलं आहे, किल्ली तुमच्या घरी जाऊन तुमच्या हातात द्यायची, आणि कागदावर सही घ्यायची नाही. वाफा तुमचा. समोरचं अंगणही तुमचं. उरणहून पुन्हा बी आणा. काही उरलं असेल तर ते लावा. काय हवं ते करा, पण या.

अरुणा


करावे गाव
१८ जुलै १९९६

बाई,

भाऊ परत लिहिलात, आनि तिकीट लावून पाकीट पाठवलात नाय, म्हनून उत्तर देतंव.

तुमी लिहिलात रोप गेला. गेला नाय.

तुमचा एक तारखेचा कागद शुक्रवारी आला. सोनल वाचता वाचता रडायला लागली. मी नाय रडलो. शिव्या दिल्या, त्या तिनं लिहू नये. मग बोटावर दीस मोजले. सहा जूनला पेरला, रविवारी एकतीस दीस व्हतात. बाई, भाताचा रोप उपटायचाच असतो. फाटक उघडा असता तर त्याच रविवारी मीच उपटला असता. मजूर तुमचे, उपटनावळ तुमची. मना काय?

रविवारी सकाळी सहालाच मी आनि पुतळा, माजी बायको, पाट्या घेऊन तुमच्या फाटकाबाहेर जाऊन बसलो. मजूर जालन्याकडचे, पन भातलावनीची कामा केलेले निघाले. त्यांनी रोप बघितला आनि हातच लावीनात. म्हनाले, “साहेब, हे तर भात हाय, पाप लागंल.” विलास साहेब म्हनाले, मॅडमची ऑर्डर हाय. मग मीच बाहेरून वरडलो, उपटा रे, पन बुडाला धरून उपटा, हिसका देऊ नका. त्यांनी हळू उपटला. मूठ मूठ बाहेर देत गेले, पुतळा पाटीत रचत गेली. विलास साहेब म्हनाले, “कचरा घेऊन कुठं चालला?” मी म्हटला, टाकायला.

तुमच्या घरासमोरचा मोकळा प्लॉट हाय ना, बागेसाठी राखीव अशी पाटी लावलेला, तो माज्या शेताचा खालचा तुकडा. भरनी करताना तिथं डंपर कमी पडले, म्हनून पावसात पानी तुंबतो आनि तुमी लोक तक्रारी करता. त्या पान्यात आमी दोघांनी चिखल केला आनि लावनी केली. पुतळा पंधरा वर्सांनी वाकली. तिची कंबर अजून दुखते, मना शिव्या देते. तुमच्या सोसायटीतली मानसा गॅलरीत येऊन बघत व्हती. दुपारी मिथुन आला, मना खूळ लागला म्हनाला, वरडला, मग पॅन्ट दुमडून उतरला. त्याची ओळ वाकडी आली. ती तशीच हाय, तुमी आल्यावर दाखवतंव.

कोनी येऊन हे पन काढून टाकील. त्या जमिनीवर आता माजा काय नाय, ते मना कळतं. आज बारा दीस झाले, रोपानं मूळ धरला. पुढचा पुढं.

विलास साहेब किल्ली घेऊन घरी आले व्हते. चहा घेतला. सारखे सॉरी सॉरी म्हनत व्हते. किल्ली मी ठेवून घेतली नाय. तुमी रागात हाकलला, रागातच वाफा देऊन टाकता. मना वाफा नको. तुमी या, तुमच्या हातानं फाटक उघडा, मग मी आत यीन. दिवाळ्याच्या सुताराला सांगून ठेवलाय, चार पोती ढलप्या राखून ठेव. मी पेटवनार नाय. पन तुमी शेन-पाला-माती असा सांगताना पुढचा पन सांगत जावा. आनि मी पन इचारत जाईन. माजा राग पन गेलेला नाय. नातीला आमचा आशीर्वाद.

एक राहिला. तो सांगायचा का नाय असा चार दीस चालला व्हता.

राब भाजला तरी तुमच्या ढलप्या सगळ्या जळल्या नव्हत्या. वरचा सुका थर तेवढा गेला. रोप उपटला तवा मुळांत खालच्या ओल्या ढलप्यांचे तुकडे अडकून आले, पांढरी बुरशी धरलेले. काळी माती चिकटून आली. एका मुठीत गांडूळ व्हता.

लावायच्या आधी मुळं धुवायची असतात. आमच्यात तशीच रीत. पानी समोरच व्हता. पुतळा धुवायला बसली, मी तिचा हात धरला. तीन हात खाली माजी माती, वर तुमची, मधी त्यांचा मुरूम. माजी काय आता वर यायची नाय. म्हनून तुमची खाली लावली. धुतली नाय.

गोटीराम घरत